थोरल्या सुनेचं नाक

थोरल्या सुनेला त्या गाडीची किळस पहिल्याच पायरीवर आली. पायरीवर आधीच्या मालकाने रबराची चटई चिकटवली होती, आणि चटईच्या खाचेत कुणाची तरी कापलेली नखं अडकून बसली होती. तिने ओढणी नाकाला लावली आणि मागे वळून दिराकडे पाहिलं. दीर दात काढून उभा होता.

"या वहिनी, या. चार चाकांवरचा बंगला आहे हा."

"बंगल्यात आधी कोण मेलं होतं?" तिने विचारलं.

दीर मनसोक्त हसला. त्याला कशाचंच काही वाटत नसे, आणि वाटलंच तर ते दुसऱ्याला वाटून मोकळा होत असे. ही जुनी गाडी त्याने हौसेने घेतली होती. आत झोपायच्या जागा, शेगडी, बेसिन, कपाटाएवढा संडास आणि पोटाखाली पेट्रोलवर चालणारा जनरेटर. पुढे ती सहलीला जाणाऱ्यांना भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत होता. पण पहिली फेरी घरच्यांची. वडिलांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. बहीण लांब राहायची, थकली होती, आणि दोघांनी एकमेकांना पाहून बरीच वर्षं झाली होती.

सासऱ्यांचा प्रवास म्हणजे एक दिव्यच होतं. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. म्हणून रात्री नाकातोंडावर मास्क चढवून श्वासाचं मशीन लावावं लागे, आणि मशीनला रात्रभर वीज लागे. बसमध्ये ते जमत नव्हतं, आणि आगगाडीचा भरवसा नव्हता. "आपल्या गाडीत बाबा राजासारखे झोपून जातील," असं म्हणत दिराने सगळ्यांना गुंडाळलं. थोरल्या सुनेच्या नवऱ्याने ऐन वेळी कामाचं निमित्त काढून अंग काढून घेतलं. तिला मात्र निमित्त मिळेना, कारण मशीनचं तंत्र घरात तिच्याखेरीज कुणाला येत नव्हतं. मास्क तर दुसरं कुणी हातातही धरत नसे.

तो मास्क ती रोज सकाळी धुवायची. त्याच्या रबरी कडेला रात्रीची लाळ वाळून पापुद्रा धरलेला असे, आणि आतून शिळ्या तोंडाचा असा काही भपकारा येई की ती श्वास रोखूनच नळ सोडायची. सासऱ्यांना ते दिसत होतं. एकदा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "सूनबाई, तुला माझी किळस येते. ठाऊक आहे मला."

"बाबा, मला सगळ्यांचीच येते," ती म्हणाली होती. "तुम्हाला काही वेगळं काढलेलं नाही."

त्यावर म्हातारा खोकला येईपर्यंत हसला होता. तेव्हापासून त्या दोघांचं बरं जमायचं. घरात खरं बोलणारी ती एकटीच आहे, असं ते पाहुण्यांनाही सांगत.

आता तिच्या नाकाविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या नाकानेच घडवलं. ती दुधाच्या डेअरीत कामाला होती. सकाळी टँकर येऊन उभे राहिले की ती शिडीवरून वर चढायची, टँकरचं झाकण उचलायची आणि आत नाक घालायची. खाली ड्रायव्हर मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा. ती "पास" म्हणाली की दुधाची पुढची तपासणी, यंत्रं आणि आकडे. तिने नाक मुरडलं की आकड्यांची गरजच नाही. आंबट, कडू, गोठ्याचं, साबणाचं, पत्र्याचं, सगळे वास तिला वेगवेगळे कळायचे. या नाकाला अख्खा कारखाना मान देत होता, तर घरच्यांची काय कथा. फ्रिजमधली भाजी, सिलिंडरची नळी, पोराचा ताप, दिराच्या कॉलेजातल्या चोरून ओढलेल्या सिगारेटी, सगळ्याचा निकाल त्या नाकावर लागायचा. तिचा स्वतःचा एकच सिद्धान्त होता. बिघडलं की वास सुटतो. वास नाही, तर बिघाड नाही.

असं नाक घेऊन जगायचं म्हणजे सुख नव्हे. तिला माणसं आधी वासाने भेटायची आणि मग चेहऱ्याने. त्यामुळे ती सतत कावलेली असे, आणि नातेवाईक मागून म्हणत, ही नाकाने कांदे सोलते. म्हणोत बापडे. त्यांच्यातले निम्मे जण रोज अंघोळ करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

तर त्या गाडीत तिला काय काय भेटलं? बेसिनच्या जाळीत परक्या केसांचा गुंता. गादीला कुणाच्या तरी मुताचा जुना, वाळलेला वास. फ्रिजच्या रबरात काळी बुरशी. आणि त्यावर ताजं म्हणून दिराचे मोजे, जे तो गाडी चालवताना बूट काढून समोर वाळत घालायचा. तिने पिशवीतून लिंबाच्या वासाचा फवारा काढला आणि डावीउजवीकडे मारायला सुरुवात केली.

तोच कुठूनसा भोंगा कोकलला. सासऱ्यांच्या बिछान्यापाशी भिंतीवर पांढरी डबी बसवलेली होती, ती ओरडत होती. थोड्या वेळाने गप्प झाली. हिने पुन्हा फवारा मारला, तिने पुन्हा बोंब ठोकली. दुपारपर्यंत हेच चाललं. सासरे कानांवर उशी धरून बसले. शेवटी दिराने गाडी कडेला घेतली.

"वहिनी, ही डबी तुमच्या लिंबाला विष समजतेय."

"मग तुझ्या मोज्यांना काय समजते? अत्तर?"

"अहो, पण ती गॅसबिस कळायला लावलेली असते."

"गॅस मला कळत नाही?"

 त्या नाकाशी घरात कुणी वाद घालत नसे. दिराने डबी उघडली, आतली बॅटरी काढली आणि चमच्यांच्या खणात टाकून दिली. मग गाडीत शांतता झाली, आणि लिंबाचा वास मनमुराद पसरला.

संध्याकाळी ते मुक्कामाच्या तळावर पोचले. तळ कसला, पेट्रोल पंपामागची डांबरी जागा. एका अंगाला उंच भिंत, जमिनीवर तेलाचे डाग, कोपऱ्यात ओसंडणारी कचरापेटी. विजेचे खांब होते, पण सगळ्या खांबांवर आधीच कुणी ना कुणी वायर अडकवून बसलं होतं. म्हणजे मशीनसाठी रात्रभर जनरेटर चालवणं आलं. भिंतीलगतची एकच जागा रिकामी होती, आणि ती रिकामी का राहिली हे थोरल्या सुनेला दार उघडताच कळलं.

शेजारी एक पिवळी पडलेली गाडी उभी होती. तिच्या संडासाच्या टाकीची नळी नीट बसलेली नव्हती, आणि खाली डांबरावर थेंब थेंब गळत होतं. त्या थेंबांपासून हातभर अंतरावर घडीच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर कुत्रं. कुत्र्याच्या कानातून काहीतरी पिवळं वाहत होतं, ते म्हातारी बोटाने पुसत होती, आणि त्याच बोटांनी डब्यातला मासा उचलून तोंडात टाकत होती. एक घास तिला, एक कुत्र्याला.  थोरल्या सुनेने मनातल्या मनात बाईचं नाव कुत्रेवाली ठेवलं आणि दार लावून घेतलं.

दिराने जनरेटर सुरू केला. थोड्याच वेळात दारावर थाप पडली. कुत्रेवाली उभी होती, कुत्र्यासकट.

"सगळा धूर माझ्या खिडकीत घालताय. धुराडं कुठंय तुमचं?"

"कसलं धुराडं?" दिराने विचारलं.

"आत झोपणार ना? आणि हा रात्रभर चालणार ना? मग त्याच्या नळीला उभं धुराडं लावायचं, छताच्या वर जाणारं. धूर वर जाऊन उडून जातो. थांबा, माझ्याकडे एक जादा आहे."

ती गेली आणि घेऊनही आली. पत्र्याच्या नळीचे काळेकुट्ट तुकडे, काजळीला चिकटलेले कुत्र्याचे केस, आणि ते सगळं बांधलेलं होतं एका जुन्या चड्डीच्या नाडीने. दिराने हात पुढे केला होता. थोरल्या सुनेने तो मागे ओढला.

"नको काकू. राहू दे. आमचं आम्ही बघतो."

"बघा बरं का. भिंतीला खेटून लावू नका, धूर कोंडतो. छताची झडप जराशी उघडी ठेवा. आणि आत भोंगा आहे ना? पांढरी डबी?"

दिराने वहिनीकडे पाहिलं.

"आहे," वहिनी म्हणाली.

डबी होतीच. तिच्यात जीव नव्हता, एवढंच. बाई बोलत होती तेव्हा तिच्या दातात माशाचा काटा अडकलेला दिसत होता, आणि थोरल्या सुनेला तो काटा सोडून दुसरं काही दिसेना. बाईचे शब्द कानावर पडले आणि काट्याला अडकून तिथेच राहिले.

दार लागल्यावर दीर म्हणाला, "घ्यायचं होतं वहिनी. एका रात्रीचा तर प्रश्न."

"ती नाडी बघितलीस? बाबांच्या उशाशी लावणार होतास ते? तू लाव आणि तूच झोप त्याला मिठी मारून."

दिराला वाद घालायचा कंटाळा होता. त्याने गाडी वळवली आणि जनरेटरची बाजू भिंतीकडे करून पार खेटवली. "घ्या. आता धूर कुणाच्या खिडकीत जायला नको आणि कुणाची कटकट नको." स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की शीळ घालायला लागला.

आता परीक्षा. दिराने आवाज दिला, "वहिनी, घ्या वास."

ती उठली. डेअरीत झाकण उचलताना जशी मान वाकडी करायची तशी करून तिने गाडीभर नाक फिरवलं. बिछान्यापाशी, जमिनीलगत, बेसिनखाली, संडासाच्या दाराशी. धुराचा मागमूस नव्हता. छताच्या झडपेतून मात्र कुत्रेवालीच्या टाकीची घाण भसाभसा आत येत होती. तिने ती झडप ओढून कडी घातली. मग उरलेल्या खिडक्या लावल्या.

"पास," ती म्हणाली.

"टँकर पास!" दीर ओरडला. सासरे हातातला मास्क वर करून हसले. "सूनबाईचं नाक आहे म्हणून आपण आहोत," ते म्हणाले. त्यांच्या त्या बोलण्याने तिला बरं वाटलं. दिवसभरात तेवढंच. तिने त्यांना मास्क चढवला, पट्टे आवळले, मशीनचं बटण दाबलं. उद्या दुपारी बहिणीच्या दारात त्यांना उतरवलं की आपण सुटलो, असं म्हणत तिने लिंबाचा शेवटचा फवारा मारला आणि दिवा घालवला.

उजाडताना तिला जाग आली ती मळमळून. कपाळावर कुणीतरी घण घालत होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं. पण कालपासून मळमळत नव्हतं कधी? पहिल्या पायरीपासून तिला मळमळतच होतं. तिने पडल्या पडल्या वास घेतला. लिंबू, मोजे, मुताची गादी. घ्या, याच उकिरड्याने डोकं उठलं. ती उठायला गेली तर पाय कापसाचे झालेले. झोप झाली नाही, दुसरं काय.

"अरे, उठ," तिने वरच्या बिछान्याकडे तोंड करून हाक मारली. "या घाणीने माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"माझंही," वरून जड आवाज आला. "झोपू दे वहिनी." आणि तो पुन्हा पडला.

सासऱ्यांचं मशीन फुसफुसत होतं, एका लयीत. म्हणजे बाबा निवांत झोपले होते. झोपू देत. ती भिंत धरून दारापर्यंत आली, त्या नखांच्या पायरीवर अनवाणी पाय देऊन खाली उतरली, आणि चाकाशी बसून भडाभडा ओकली.

कुत्रं लगेच हजर. ते ओकारीला नाक लावणार तेवढ्यात मागून पट्टा ओढला गेला. कुत्रेवाली उभी होती, कालच्याच कपड्यांत, हातात संडासाच्या टाकीची बादली. हे ध्यान सकाळी सकाळी बघायचं होतं. थोरल्या सुनेने तोंड फिरवलं.

"बाहेर आल्यावर बरं वाटतंय का?" बाईने विचारलं.

"वाटणारच. आत श्वास घ्यायची सोय नाही. घाणीने डोकं ठणकतंय नुसतं."

"डोकं दुखतंय? अजून कुणाचं दुखतंय?"

"दिराचं. त्याला उठवत..." ती थांबली.

बाईने बादली खाली ठेवली. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत वाकून पाहिलं. तिथे जनरेटर इमानेइतबारे धडधडत होता.

"भोंगा वाजला नाही?"

थोरल्या सुनेला चमच्यांचा खण आठवला.

"धूर आत नव्हता हो," ती म्हणाली. "मी स्वतः वास घेतला. माझं नाक..."

"त्या विषाला वास नसतो गं!" बाई किंचाळली. "वास धुराला. मारतं ते वेगळंच, त्याला ना वास ना रंग! आत कोण कोण आहे? दार उघडं टाक! मी हा बंद करते!"

वास नसतो. हे वाक्य थोरल्या सुनेच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. इतकी वर्षं तिने तिथे दुसरंच भरून ठेवलं होतं. पण पाय निघाले. तिने छातीभर बाहेरची हवा घेतली, मास्क धुताना रोखायची तसा श्वास रोखला, आणि आत घुसली.

आधी छताची झडप. कडी निघेना. रात्री तिनेच ती जीव खाऊन लावली होती. दोन्ही हातांनी हिसडली तेव्हा निघाली. मग वरच्या बिछान्यावरून लोंबणारा दिराचा पाय, मोज्यासकट. तिने तो छातीशी धरला आणि ओढला. दीर धाडकन खाली आला, गुडघ्यांवर रांगला, दाराबाहेर कोसळला आणि तिथून रडक्या आवाजात ओरडला, "बाबा!"

त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. मशीनची फुसफुस थांबली. तेव्हा तिला कळलं की इतका वेळ चालू होता तो श्वास मशीनचा होता. बाबांचा नव्हता. रात्रभर त्या मशीनने गाडीतली हवा गोळा करून, दाब देऊन, त्यांच्या नाकात भरली होती, तिने स्वतः धुतलेल्या मास्कमधून.

तिने पट्टे तोडले. मास्क ओकारीने भरला होता. गाल, मान, उशी, सगळीकडे तेच. ओठ माखलेले. तिने काखांत हात घातले. पायाकडून दुसरे दोन हात आले, माशाच्या वासाचे, कुत्र्याच्या केसांचे. "उचल," कुत्रेवाली म्हणाली. दोघींनी म्हाताऱ्याला त्या पायरीवरून उतरवलं आणि डांबरावर, थोरल्या सुनेच्याच ओकारीच्या शेजारी, आडवं केलं.

"कुशीवर घे. तोंड मोकळं कर," म्हणत बाईने फोन काढला आणि रुग्णवाहिकेला जागा समजावून सांगू लागली.

थोरल्या सुनेने दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली. उघडी, बिनकापडाची. गिळगिळीत, कोमट, चिकट काहीतरी हाताला लागलं. तिने ते ओढून डांबरावर टाकलं. पुन्हा घातली. कवळी निसटली, ती काढली. गालाच्या आत, जिभेखाली, घशाच्या तोंडाशी. तिला किळस येत होती, नाही असं नाही. सगळं अंग शहारत होतं. पण ती किळस आता म्हाताऱ्याच्या तोंडाची नव्हती. ती होती काल रात्री मान वाकडी करून "पास" म्हणणाऱ्या बाईची. तिला वाटलं, हे नाक आत्ता कुणीतरी उपटून त्या कचरापेटीत टाकावं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, आत्याबाई वाट बघताहेत. बाबा, मला शिव्या घाला. काहीतरी बोला."

दीर गुडघ्यांवर सरकत जवळ आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वडिलांना हात लावायचं त्याचं धाडस होत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, त्याने तिच्याचकडे पाहिलं.

"वहिनी, बघा ना," तो म्हणाला. "तुम्ही बघा ना. श्वास आहे का?"

ती वाकली. म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडाशी तिने नाक नेलं, टँकरच्या झाकणाशी न्यायची तसं.

काहीच नव्हतं. जन्मभर ती ज्याच्यासाठी तडफडली होती ते समोर होतं. काही म्हणजे काही वास येत नव्हता.  ती तशीच वाकून राहिली. मागे कुत्रं भुंकलं, बाईने त्याला दटावलं.

मग काहीतरी आलं. इतकं बारीक की दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. आंबट. शिळं. रात्रीच्या ओकारीचं, म्हाताऱ्या दातांच्या खाचांचं, औषधांचं. नासलेल्या दुधाचा असा वास डेअरीत आला असता तर तिने झाकण आपटून अख्खा टँकर परत पाठवला असता. तो वास गेला. ती थांबली. तो पुन्हा आला, कोमट, तिच्या ओठांवर, जरासा जास्त.

"येतोय," ती म्हणाली.

"काय येतोय? वहिनी, काय?"

"वास येतोय."

दीर डांबरावर बसूनच हमसाहमशी रडायला लागला. कुत्रेवालीने आपली मळकट शाल काढून म्हाताऱ्याच्या अंगावर घातली, आणि शालीचं टोक थोरल्या सुनेच्या गालाला लागत होतं. तिने ते झटकलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईपर्यंत तिने त्या तोंडापाशी धरलेलं नाक हलवलं नाही.